अभिवादन आणि समाचार : गिरणगावच्या चळवळींतील शोकाचा इतिहास

मृत्यूनंतरच्या व्यवहारासाठी मराठीत शब्दांची मोठी संपत्ती आहे. सुतक धरतात, दुखवटा पाळतात, दहावे-तेरावे करतात, समाचाराला जातात. यांतला शेवटचा शब्द आम्हाला विशेष अर्थपूर्ण वाटतो. समाचाराला आलेला माणूस मृताची थोरवी सांगत बसत नाही. तो मागे उरलेल्याच्या शेजारी टेकतो, झाले कसे ते त्याला पुन्हा एकदा सांगू देतो आणि उठता उठता घरात दाणे आहेत का, पोरांच्या शाळेचे काय, एवढे विचारून जातो. चळवळींचा शब्दकोश याहून वेगळा आहे. अभिवादन, मानवंदना, हुतात्मा, स्मृतिदिन, लाल सलाम, क्रांतिकारी जयभीम हे त्यातले शब्द. त्यांचे तेज निर्विवाद आहे. पण हे सारे शब्द गेलेल्याला उद्देशून आहेत. उरलेल्याशी बोलणारा शब्द त्यांत क्वचितच सापडतो.

लालबाग, परळ, नायगाव, दादर आणि दक्षिणेकडे गिरगाव-काळबादेवीपर्यंतचा मुंबईचा पट्टा विसाव्या शतकात जितक्या चळवळींनी व्यापला, तितक्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या शहरी प्रदेशाने पाहिल्या असतील. स्वातंत्र्याची चळवळ, गिरणी कामगारांचे संप, आंबेडकरी चळवळ, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, दलित पँथर : या सर्वांनी येथे माणसे गमावली. या चळवळींच्या मागण्यांचा, पक्षभेदांचा, जयापजयांचा इतिहास बराचसा लिहिला गेला आहे. त्यांनी आपला शोक कसा वाहिला, दुःखातून सावरण्याच्या कोणत्या रीती निर्माण केल्या आणि कोठे त्या अपुऱ्या पडल्या, हा प्रश्न मात्र बहुधा साहित्याच्या अभ्यासकाकडे सोपवून इतिहासकार पुढे गेले. तो प्रश्न येथे थोडक्यात मांडावा, असा आमचा प्रयत्न आहे.

सुरुवात १२ डिसेंबर १९३० पासून करता येईल. पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा तरुण गिरणी कामगार त्या दिवशी काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. नावामागे ना वकिलीची पदवी, ना घराण्याचा वारसा. असा माणूस एका दिवसात शहराचा हुतात्मा झाला, ही मुंबईच्या सार्वजनिक जीवनातली नवी गोष्ट होती. ज्याच्या मरणाची एरवी चाळीच्या जिन्यापलीकडे वार्ता गेली नसती, त्याच्या नावाने रस्ता ओळखला जाऊ लागला. अभिवादनाची ही पहिली आणि मोठी देणगी होय. ते सामान्याच्या मृत्यूला अर्थ देते, आणि अर्थ सापडणे हा सावरण्याचा अर्धा भाग असतो. उरलेला अर्धा भाग कोणाचा, हे त्या वेळी फारसे कोणी विचारले नाही. विचारण्याची उसंतही नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही रीत अधिक ठळक झाली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. त्यानंतर जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर होताच गिरगावापासून लालबाग-परळपर्यंत शहर पेटले आणि पोलिसांच्या गोळ्यांना कित्येकजण बळी पडले. मरणारे सगळेच सत्याग्रही नव्हते. रस्त्यावर काय चालले आहे ते पाहायला आलेले, कामावरून घरी निघालेले, असेही त्यांत होते. लढ्याने या सर्वांना एकाच पंक्तीत बसवले, आणि पाहता पाहता त्यांचा एक आकडा झाला. १०५ हा महाराष्ट्राच्या राजकीय भाषेतला जवळजवळ मंत्रासारखा शब्द बनला. पुढे १०५ की १०६ की १०७, यावर वादही झाले. आकड्यात एक प्रकारचा आधार असतो, कारण आपला माणूस एकटा गेला नाही असे तो सांगतो. पण आकड्याला घर नसते. ठाकुरद्वारच्या किंवा लालबागच्या एका खोलीतली रिकामी झालेली जागा १०५ या संख्येत कोठे असते, हे त्या खोलीतल्या माणसांनाच ठाऊक.

त्याच लढ्यात शोकाला दुसरी एक वाटही सापडली, ती शाहिरीची. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून कामगार वस्त्यांत गात होते. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड या काळातली. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालेला मुंबईतला चाकरमानी हा तिचा नायक. त्याचा विरह हळूहळू बेळगाव-कारवारसह तुटलेल्या मराठी मुलखाच्या विरहाशी एकरूप होतो. साहित्याच्या वर्गात या रचनेचे वर्णन रूपक म्हणून केले जाते आणि ते योग्यही आहे. आम्हाला तिचे मोठेपण आणखी एका गोष्टीत दिसते. चळवळीसाठी खाजगी दुःख बाजूला ठेव, असे ती श्रोत्याला सांगत नाही. आधी ते दुःख त्याचे त्याला पुरते भोगू देते आणि त्याच दुःखाच्या हाताला धरून त्याला मैदानात आणते. गिरणगावातले असंख्य कामगार कुटुंब गावी ठेवून खानावळीत जेवत आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपत. त्यांच्या एकटेपणाची दखल पक्षाच्या ठरावात नव्हती. ती या छक्कडीत होती.

तरीही शाहिरीची एक मर्यादा आहे, आणि ती कवितेच्या जन्मकथेतच सांगितलेली आहे. क्रौंचाचा वध पाहून वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, ही कथा आपण अलंकारशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकवतो. श्लोक झाल्यावर ब्रह्मदेव येतात, रामायण रचण्याची आज्ञा देतात आणि महाकाव्य सुरू होते. जोडीदार गमावून आक्रोश करणाऱ्या त्या क्रौंचीकडे मात्र कथा पुन्हा वळून पाहत नाही. तिच्या दुःखातून काव्य निघाले, पण ती तिथेच राहिली. चळवळींचा आणि शोकाचा संबंध तपासताना ही क्रौंची आम्हाला वारंवार आठवते.

मागे उरलेल्यांनाच शोकाचे कर्ते बनवणारी एक मोठी घटना या भूमीत घडली, ती म्हणजे दादरची चैत्यभूमी. ती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत राहत असतानाच्या काळात त्यांनी एकामागून एक चार अपत्ये गमावली. त्यांतला शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर मित्र दत्तोबा पवार यांना त्यांनी लिहिलेले पत्र चरित्रकार धनंजय कीर यांच्यामुळे सर्वांना परिचित आहे. या आघाताने जगण्यातली गोडीच नाहीशी झाल्याची कबुली देणारा तो बाप, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन करून दोनच वर्षे झालेला पुढारीही होता. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाबाई गेल्या. पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ पुढे त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. इतक्या रोखठोक राजकीय विषयावरच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर पत्नीची कृतज्ञ आठवण यावी, यात सार्वजनिक आणि खाजगी यांना वेगळ्या कप्प्यांत न कोंबणारी एक वृत्ती दिसते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. नागपूरचे धर्मांतर होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि मुंबईतला दीक्षासमारंभ व्हायचा होता. तो चितेच्या साक्षीनेच झाला. भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारो शोकाकुल माणसांनी तेथेच धम्मदीक्षा घेतली. इतिहासात याला पुष्कळदा प्रतिज्ञापूर्ती म्हटले जाते. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची बाब वेगळी आहे. पोरकेपणाच्या त्या क्षणी प्रत्येकाला स्वतः करण्याजोगे काहीतरी होते. घोषणा नेत्याने दिली आणि जमावाने ऐकली, असा तो प्रकार नव्हता. प्रत्येकाने आपल्या तोंडाने त्रिशरण म्हटले. पुढे त्या जागी स्तूप उभा राहिला, त्याचे उद्घाटन १९७१ मध्ये झाले, आणि ६ डिसेंबरचे येणे हा एका संपूर्ण समाजाच्या वर्षाचा भाग बनला. गावोगावची माणसे जथ्याने येतात, शिवाजी पार्कात मुक्काम करतात, रांगेत तासन्‌तास उभी राहतात, एकत्र जेवतात, एकमेकांच्या गावची ख्यालीखुशाली विचारतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. मृत्यूच्या दिवशी ग्रंथांची एवढी विक्री व्हावी, ही गोष्ट जगात अन्यत्र क्वचितच दिसेल. येथे अभिवादन आहे आणि समाचारही आहे. ज्यांच्या वंशजांना वर्षभर कोठे ना कोठे अपमान सोसावा लागतो, त्यांना वर्षातून एकदा आपली संख्या, आपली भाषा आणि आपले ग्रंथ एकत्र दिसतात. सावरणे म्हणजे विसरणे असेल, तर येथे कोणीच सावरलेले नाही. दुःखाला दिवस, जागा आणि काम मिळणे याला सावरणे म्हणायचे असेल, तर चैत्यभूमी ही त्याची थोर शाळा आहे.

ही शाळा शेजारी असताना इतर चळवळींना तिच्यापासून किती शिकता आले? ५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. देसाई हे वस्तीत वावरणारे, तरुणांची फळी बाळगणारे, चाळीच्या अडीअडचणींना धावून जाणारे कार्यकर्ते होते. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेसाठी ऑक्टोबर १९७० मध्ये पोटनिवडणूक झाली. पक्षाने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभे केले. शिवसेनेच्या वामनराव महाडिकांनी १,६७९ मतांनी ही निवडणूक जिंकली आणि विधानसभेत सेनेचा पहिला आमदार गेला. मुंबईच्या राजकारणाचा कोणताही अभ्यासक या निकालाला वळणबिंदू मानतो. पण त्या साडेचार महिन्यांकडे एका बाईच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? ज्या काळात शेजारणींनी येऊन जवळ बसायचे, त्या काळात प्रचारफेऱ्या, सभा आणि हारतुरे. विधवेने उभे राहणे हे शौर्य होते, आणि ते त्यांनी दाखवले. इतिहासाने मात्र त्यांच्या शोकाची नोंद मतांच्या फरकात केली. वैधव्य हे चळवळीचे भांडवल झाले, आणि हरल्यानंतर त्या भांडवलाचा हिशेब कोणी मांडला नाही. हा दोष एका पक्षाचा नाही. हुतात्म्याच्या घरात उमेदवार शोधण्याची रीत आपल्याकडे सर्वपक्षीय आहे.

चार वर्षांनी, जानेवारी १९७४ मध्ये, वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली. तिच्या निषेधार्थ १० जानेवारीला दलित पँथरचा मोर्चा परळ-नायगावच्या बाजूने जात असताना वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा कार्यकर्ता ठार झाला. पँथरचा शहीद म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत पँथरमध्ये फूट पडली होती. विचारभेद खरे होते, हे मान्य करूनही आम्हाला वाटते की, महिन्यामागून महिने दंगल, तुरुंग, मार आणि मृत्यू यांतून गेलेल्या विशी-पंचविशीतल्या पोरांना त्या आघातांबद्दल आपसांत बोलायला जागाच नव्हती, हेही त्या फुटीच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे. न बोललेले दुःख बरेचदा एकमेकांवरच्या संशयाचे रूप घेते. चळवळींच्या फाटाफुटीची आपण केलेली विश्लेषणे सारी वैचारिक असतात. त्यांतला थकवा आणि शोक आपण वगळतो.

आता त्या प्रसंगाकडे येऊ, ज्याला ना चिता होती ना तारीख. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. कोणी गपचूप कामावर परतले, कोणी गावी गेले, कोणाची गिरणीच उघडली नाही. लाखाच्या वर कामगारांनी नोकरी गमावली. त्यात एक क्रूर विशेष दडलेला आहे. संप संपला नाही म्हणून पराभव झाल्याचे कोणी जाहीर केले नाही, आणि पराभव जाहीर नाही म्हणून त्याचा दुखवटाही पाळला गेला नाही. बेपत्ता माणसाच्या घरी जशी ना कुंकू पुसण्याची सोय असते ना लावण्याची, तशी गिरणगावातल्या घराघरांची अवस्था झाली. १९९७ मध्ये आलेल्या जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकाने ही अवस्था नावानिशी पकडली. त्या घरातली मुले एकमेकांवर ओरडतात, लेखक होण्याची, क्रिकेटची, झटपट पैशाची स्वप्ने पाहतात. ती ज्या गोष्टीबद्दल रडत आहेत तिचे नाव मात्र कोणीच घेत नाही. अधांतर म्हणजे जमिनीवर नाही आणि आकाशातही नाही. ज्या शोकाला तेरावा नाही, त्याला याहून नेमका शब्द नाही.

या पोकळीत समाचाराला कोण गेले, हा राजकीय इतिहासाचा कळीचा प्रश्न आहे. शाखेची रुग्णवाहिका, आजाऱ्यासाठी इस्पितळातली खटपट, मयताच्या वेळी धावणारी पोरे : शिवसेनेचा या भागातला पाया भाषणांइतकाच या गोष्टींनी घातला. डाव्यांच्या चाळ कमिट्या एके काळी हेच काम करत. संपानंतर त्या खचल्या आणि लोक ज्याने दार ठोठावले त्याच्याकडे गेले. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. माणसे विचारसरणी बदलण्यापूर्वी बहुधा आपल्या दाराशी कोण येते ते पाहतात.

तरी समाचाराची परंपरा चळवळीच्या आत अजिबात नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती प्रामुख्याने बायकांनी सांभाळली. कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका प्रत्येक संपात आपल्या चुलीवर संपाचा भार वाहत आल्या होत्या. पण संपाच्या इतिहासात त्यांचे नाव नसे. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते याच बायकांना घेऊन. सावकाराच्या व्याजातून सुटका, बँकेचे कर्ज, एकमेकींची हमी असा कामाचा आरंभ होता. मानसोपचाराचा शब्दही त्यात नव्हता. पण हमी द्यायची तर शेजारणीचे घर माहीत असावे लागते : नवरा मारतो का, मूल आजारी आहे का, हप्ता का चुकला. जो प्रश्न समाचाराला आलेली बाई उठता उठता विचारते, तोच या संघटनेचा पाया होता. कामगार चळवळीतल्या उषाताई डांगे यांनी आपल्या आत्मकथनाला ‘पण ऐकतं कोण?’ हे नाव दिले होते. अन्नपूर्णेत निदान ऐकणारे होते.

दुसरा प्रयत्न बंद गिरणी कामगारांचा. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभारली आणि देणी, काम व शेवटी घरे यांसाठी ती लढत राहिली. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. मागणाऱ्यांच्या संख्येपुढे हा आकडा फार लहान होता. पण समितीचे एक मोल घरांच्या पलीकडचे आहे. आठवड्यामागून आठवडे भरणाऱ्या तिच्या सभांत म्हातारे कामगार आपले जुने खाते, जुनी पाळी, जुना साचा यांची नावे घेत. जे काम नाहीसे झाले त्याचा तो उशिरा मिळालेला दुखवटा होता. २००४ मध्ये नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या शंभर आवाजांचा मौखिक इतिहास पुस्तकरूपाने आणला, तोही त्याच जातीचा. ज्याला कोणी विचारले नव्हते त्याला समोर बसवून ‘काय झाले ते सांगा’ म्हणणे, हे इतिहासलेखनाचे तंत्र आहे आणि समाचाराचेही.

शेवटी एक अवघड प्रश्न उरतो : जो इतरांचे दुःख गातो, त्याच्या समाचाराला कोण जाते? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या पोलीस गोळीबारात दहाजण ठार झाले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. डाव्या सांस्कृतिक चळवळीत आयुष्यभर इतरांच्या मरणावर गाणारा हा कलावंत स्वतःच्या दुःखासह एकटा पडला. आनंद पटवर्धन यांनी त्यानंतर चौदा वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पूर्ण केला. तो गोळीबाराच्या न्यायाचा पाठपुरावा करतो आणि एका मित्राच्या जाण्याचा अर्थही शोधतो. आम्हाला तो लांबलेला समाचार वाटतो. जिवंतपणी जो घेता आला नाही, तो.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. दुःखाला फार कुरवाळले तर राग निवतो, आणि राग निवला की चळवळ संपते. म्हणून ‘रडू नका, लढा’ हेच योग्य, असे अनेक जुने कार्यकर्ते म्हणत. आज आघात आणि उपचार यांची जी भाषा सर्वत्र ऐकू येते, ती अन्यायाचे रूपांतर व्यक्तीच्या आजारात करते, ही शंकाही रास्त आहे. पण आघाताच्या अभ्यासातला १९९२ चा गाजलेला ग्रंथ लिहिणाऱ्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांचे प्रतिपादन नेमके उलट आहे. चळवळींचा पाठिंबा असतो तेव्हाच समाज अशा जखमांकडे पाहू शकतो, आणि सावरण्याच्या वाटेवर सुरक्षितता, मग स्मरण व शोक, मग इतरांशी पुन्हा जोडले जाणे असे टप्पे असतात, असे त्या मांडतात. शोक हा या वाटेचा मधला टप्पा आहे; तो ओलांडून थेट मोर्चात जाता येत नाही. ब्वेनोस आयर्समध्ये बेपत्ता मुलांच्या आया १९७७ पासून दर गुरुवारी चौकात फेरी घालत राहिल्या, तेव्हा त्यांनी रडणे आणि लढणे यांत निवड केली नाही. चैत्यभूमीवर येणारी म्हातारीही ती करत नाही.

म्हणून गिरणगावच्या या इतिहासातून आम्हाला जे दिसते ते असे. ज्या शोकाला चळवळीने दिवस, जागा आणि प्रत्येकाच्या हाताला काम दिले, तो पिढ्यान्‌पिढ्या बळ देत राहिला. ज्याचा केवळ आकडा किंवा उमेदवार केला, तो घरात कुजला. ज्याला नावच दिले नाही, तो दुसऱ्या कोणाच्या झेंड्याखाली गेला किंवा आतल्या आत माणसे खाऊन बसला. हुतात्म्यांच्या याद्या आपल्याकडे आहेत आणि त्या असायलाच हव्यात. त्या प्रत्येक नावाशेजारी मागे कोण राहिले, त्यांचे पुढे काय झाले आणि त्यांच्याकडे कोण गेले, हे तीन रकाने भरण्याचे काम अजून व्हायचे आहे. ते साहित्याच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखे आहे. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. परळ-लालबागच्या उरलेल्या चाळींतून ते सांगू शकणारी माणसे अजून आहेत. मात्र दर वर्षी ती कमी होत आहेत.